बऱ्यापैकी

माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. अमरावतीच्या एका कॉलेजात ते गणित शिकवायचे. उत्तर बरोबर असताना पूर्ण गुण द्यायला हात का आखडता घ्यावा, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना कधी कळलं नाही आणि त्यांच्याच घरात वाढून मलाही कळलं नाही. एखादी पायरी गाळली की समासात लाल शाईने एकच शब्द लिहायचे, 'कारण?' आणि अर्धा गुण कापायचे.

मी इंजिनिअरिंगला कॉलेजात पहिली आले तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. बाबांनी चष्मा लावून गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "बऱ्यापैकी." मग पंख्याखाली बसून पेपर उघडला. त्या शब्दाचा मला आलेला राग मी सामानाबरोबर अमेरिकेत घेऊन आले. पुढे नोकरीत बढती मिळाली, तेव्हा फोनवर बऱ्यापैकी. ओहायोत, डब्लिनला घर घेतलं, ते त्यांनी खोली न खोली हिंडून पाहिलं, तेही बऱ्यापैकी. पन्नाशी उलटली तरी मला एकच हवं होतं. हा माणूस जायच्या आधी त्याने एकदा तरी मला नुसतं 'छान' म्हणावं.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडेच राहायला आले. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. इथल्या शाळेत 'पैकी' हा प्रकारच नव्हता. ए म्हणजे ए, कितीपैकी ते विचारायचं नाही. तिच्या बाईंनी एकदा बोटांनी रंग फासलेल्या कागदाला 'अमेझिंग' म्हटलं, तेव्हा बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आणि खरंच चांगलं निघालं तर काय म्हणतात?" मी चिडून म्हणाले, "निदान काहीतरी म्हणतात तरी." त्यांना टोमणा कळला की नाही कोण जाणे. ते फ्रीजवरचं चित्र बराच वेळ बघत उभे होते.

मुलीने गणित घेतलं. मी तर त्यात कधीच सुख पाहिलं नव्हतं, पण रक्त एक पिढी सोडून उसळलं असणार. ॲन आर्बरच्या विद्यापीठात चार वर्षं थंडीत सायकल हाणत ए वर ए मिळवले आणि एक दिवस जाहीर केलं, मास्टर्स फ्रान्समध्ये, तुलूझला. मंडळाच्या गणपतीत एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, सगळं जग शिकायला इकडे येतं आणि तुमची तिकडे कुठे निघाली? फॅशनचं काही आहे का?" मी सांगितलं, गणित. काकूंना माझी दया आली असावी.

शहर गुलाबी विटांचं, नदीकाठचं, विद्यापीठ शेकडो वर्षं जुनं, असं मीच सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते. प्रत्यक्षात तिचे वर्ग मेट्रोने गाठायच्या एका सिमेंटच्या इमारतीत भरायचे आणि तिथे कुणी कुणाला अमेझिंग म्हणत नव्हतं. पहिल्या परीक्षेचा निकाल लागला, त्यानंतरचा रविवार होता. आमची जेवणं चालली होती, तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजलेले.

"आई, आय गॉट नाइन. आउट ऑफ ट्वेंटी. पासिंग टेन आहे. आय फेल्ड. मी कधीच फेल नाही झाले!"

माझे यजमान पटकन म्हणाले, "मग सोड ना. परत ये, इथे कुठेही फॉलला अप्लाय कर. एवढं टेन्शन कशाला घ्यायचं?" मलाही तेच वाटत होतं. पोर हजारो मैलांवर एकटी रडतेय, तिला घरी आणावं, वरण-भात घालावा. तीही म्हणाली, "तिकीट बघू का?"

बाबांनी वाटी बाजूला सारली. "किती पडले?"

मला सांगायचं नव्हतं. मला जे ऐकावं लागलं ते माझ्या मुलीला ऐकावं लागू नये, एवढीच माझी इच्छा होती. पण तिनेच मोठ्याने सांगितलं, "नऊ, आजोबा. वीसपैकी."

"सगळ्यात जास्त कुणाला?"

"एकाला तेरा."

"तेराच ना? मग नऊला रडायचं काय कारण? पेपर पाठव."

पेपर आला. मी तो छापून दिला. बाबा जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसले ते संध्याकाळपर्यंत. तिथल्या प्राध्यापकाने समासात जागोजागी एक फ्रेंच शब्द लिहिला होता. बाबांनी तिला पुन्हा फोन लावायला सांगून त्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "व्हाय. म्हणजे, का?" बाबा हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं होतं. म्हणाले, "यातलं अर्धं गणित मला आता झेपत नाही. पण तू कारण दिलेलं नाहीस, एवढं मला कळतं. मी असतो तर साडेआठ दिले असते."

मला वाटलं, आता ही फोन आपटणार. ती चक्क हसली, नाक पुसत. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग तो दोघांचा रविवारचा नेमच झाला. ती वहीची पानं दाखवायची, बाबा 'कारण?' म्हणायचे. तिचं मराठी सुधारलं, 'समजा' आणि 'म्हणून' तर तोंडात बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. माझ्याबरोबर त्यांनी कधी इतका वेळ घालवला होता का?

थंडीत बाबांचं हृदय थकत चाललं. पायांवर सूज, दोन वाक्यांत धाप. डॉक्टर सभ्यपणे सांगत, यांना घरीच आरामात ठेवा. त्याचा अर्थ आम्हाला कळत होता, त्यांनाही कळत होता. जूनमध्ये तिचा वर्षाचा निकाल लागला तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी फोन त्यांच्या उशीपाशी धरला.

"आजोबा, तेरा आले! ॲव्हरेज तेरा! आणि निकालावर मेन्शन, म्हणजे शेरा मिळाला, आसे बियँ."

"म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं.

मला कुठलं फ्रेंच येतंय? मी फोन माझ्या कानाला लावून विचारलं. ती म्हणाली, "लाइक, फेअर्ली गुड. पण इथे इट्स अ बिग डील, आई. आमच्यात अगदी थोड्या लोकांना मिळालंय. सर स्वतः उठून हात मिळवायला आले."

बाबांना तिचं हे बोलणं ऐकू गेलं नव्हतं. मी वाकून त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं, "बऱ्यापैकी, बाबा! तिला तिथे बऱ्यापैकी म्हणालेत. आणि तिकडे ते फार मोठं असतं!"

शब्द तोंडातून गेला आणि मग मला ऐकू आला.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढं बोलायलाही त्यांना दम घ्यावा लागला. म्हणाले, "मग मी तुला काय म्हणत होतो?"

मी चहा टाकते म्हणून उठले आणि ओट्याशी उभी राहून रडले. चहा उतू गेला. पुसून पुन्हा टाकला.

जुलैत मुलगी सुट्टीवर आली आणि ती असतानाच बाबा गेले. शेवटचे काही दिवस त्यांच्यात नि माझ्यात त्या विषयावर काही बोलणं झालं नाही. मी त्यांचे पाय चेपायचे, ते डोळे मिटून पडायचे. सप्टेंबरात ती दुसऱ्या वर्षासाठी तुलूझला परत गेली.

मला अजूनही वाटतं, त्यांना एक शब्द जास्त खर्च करता आला असता. एवढी वर्षं मी तो शब्द उलटा धरून वाचत होते, हे त्यांना दिसत नव्हतं का? एरवी दुसऱ्याकडून कारण मागायचे, स्वतःचं एकदा तरी लिहायचं.

परवाच्या रविवारी मुलीने फोनवर विचारलं, "आई, आर यू स्टिल मॅड ॲट हिम? राग गेला का तुझा?"

मी खोटं बोलणार नव्हते. जरा विचार केला.

"गेला," मी म्हणाले. "बऱ्यापैकी."