दोनमुंड्याचा हंबरडा

रतनवहिनी नवऱ्याच्या मढ्यापाशी रडली न्हाई, असं कोनी माझ्यासमोर म्हनलं की माझं टाळकं फिरतं. अकोले तालुक्यातलं आमचं गाव एवढुसं, पन तोंडं हजार. बाई काळजाची दगड हाय म्हने. छगन गेला तवा ती तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली हुती. डोळ्यातनं धारा, पन गळ्यातनं आवाज न्हाई. दहाव्यालाबी तेच. लोकांना तेवढं दिसलं. मला जे ठाव हाय ते त्यांना कसं ठाव असनार? तीस वर्सं मी बोहाड्यात संबळ वाजवतोय, आन् वाजवनाऱ्याची नजर नाचनाऱ्याच्या पायावर असती.

चैत सरता सरता आमच्याकडं बोहाडा लागतो. लाकडाचे मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं निघत्यात. ज्या घरचं सोंग त्या घरानंच नाचवायचं. छगनच्या घरी दोनमुंड्या. दोन मुंडक्यांचा राक्षस. एका घोंगडीखाली दोन मानसं, आतले दोन पाय एकमेकांना बांधलेले, डोईवर जडशीळ मुखवटे. शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता तो निघतो. देवी आधी उजवं मुंडकं मारती. मग मी संबळ थांबवायचा, गावानं गप व्हायचं आन् डाव्या मुंडक्यानं हंबरडा फोडायचा. त्यानंतरच देवी त्यालाबी मारती. असा दंडकच हाय.

उजवीकडं छगन असायचा, डावीकडं त्याचा धाकटा भाऊ. चौदा वर्सांमागं भाऊ चाकनच्या कंपनीत गेला तो गेलाच. घरात दुसरा गडी न्हाई. सोंग निघालं न्हाई तर घराचा मान जातो. पन त्या साली दोनमुंड्या निघाला. भाऊ रातीच्या गाडीनं येतो आन् नाचून परत जातो, असं छगननं सांगितलं. मुखवटा घरात चढवायचा आन् घरातच उतरवायचा हा रिवाज, त्यामुळं तोंड कोनी बघितलंच न्हाई.

मी पाय बघितले. डाव्या पायाच्या बोटांवर जोडव्यांचे पांढरे वळ. जोडवी काढली तरी वळ कुठं जातोय? घोंगडीखाली रतनवहिनी हुती.

बाईनं सोंगात शिरायचं न्हाई, हे आमच्याकडं शेंबडं पोरबी सांगंल. मी तोंडाला कुलूप घातलं. आन् मग तिनं हंबरडा फोडला. आधी धाकटा ओरडायचा तवा पोरं खिदळायची. त्या दिवशी बायाबापड्यांनी पदर डोळ्याला लावला. तिथनं पुढं चौदा वर्सं लांबलांबची मानसं तेवढा आवाज ऐकायला यायची. लेक सासरी जाताना लई रडली तर लोक म्हनायचे, दोनमुंड्यागत रडली पोरगी.

छगन मार्गशीर्षात गेला. सकाळी छातीत कळ आली, आन् गाडी मिळंपातूर सगळं आटपलं. महिनाभरानं मी वहिनीकडं गेलो आन् इचारलं, रडली का न्हाईस.

"कशी रडू, भावजी?" ती म्हनली. "माझं रडनं गावाच्या कानात बसलंय. आवाज काढला असता तर तिथंच वळखला असता."

सख्खा नवरा पुढ्यात पडलाय आन् बाईला आपल्या गळ्याची चोरी. तिला एकच पायजे हुतं. यंदाच्या बोहाड्यात एकदा, शेवटचं, डाव्या मुखवट्यात शिरायचं. आत कोन रडतंय हे कोनी इचारत न्हाई. तिथं तिला छगनच्या नावानं मोकळं व्हायचं हुतं.

पन यंदा धाकटा दीर खरंच आला, संगती पोरगा पार्थ. बाप-लेक नाचनार असं ठरूनबी गेलं. वहिनी बोहाड्याचा कारभार बघनाऱ्या आप्पासाहेबांकडं गेली. त्यांनी उडवून लावलं. राक्षस बाप्या हाय, त्यात बाई कशी शिरंल, म्हनले.

त्याच दिवसांत संगमनेरच्या कॉलेजातली स्नेहल नावाची पोरगी वही घेऊन आली. ती राक्षसांवर लिहीत हुती. देवळाच्या पारावर सगळ्यांच्या मधी तिनं इचारलं, दोनमुंड्या बाप्या की बाई, आन् तो आला कुठनं?

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. दोन सख्खे भाऊ बांधावरनं भांडले, देवीनं शाप दिला आन् दोघांना एका धडात चिकटवलं, असं सांगितलं. आता बोला. आमच्याकडं बांधापायी भाऊ भावाचं डोकं फोडतो. एक मेल्यावर दुसरा रडंल कशाला, बांध कोरून घेईल.

खरी गोष्ट छगनच्या आईनं रतनवहिनीला सांगितली हुती, ती नवी नवरी हुती तवा, आन् वहिनीनं मला. दुष्काळात नवऱ्याला न्यायला यम आला. बायकोनं अशी मिठी मारली की सोडंचना. कातड्याला कातडं चिकटलं, दोघांचं एक झालं, आन् माया एवढी वाढली की लोकांना तिचं भ्या वाटाय लागलं. म्हनून राक्षस म्हनले. उजवा तो, डावी ती.

स्नेहल वहिनीकडं वळली. सोंग तुमच्या घरचं, तुम्हीच सांगा ना, म्हनली. वहिनीनं ही गोष्ट सांगितली असती तर डावीकडं बाईचाच हक्क हुता.

तेवढ्यात आप्पासाहेब बोलले, "बाई शिरली असती तर गावाचं वाटोळं झालं असतं. अन् ज्यानं शिरवली त्याचं नाव कोनी घेतलं नसतं."

वहिनीनं माझ्याकडं एकदा बघितलं. खरं सांगितलं असतं तर मागचा हंबरडा कुनाचा हुता हेबी उघडं पडलं असतं, आन् चौदा वर्सांतली गारपीट, मेलेली जनावरं, आजारपनं, सगळी छगनच्या माथी बसली असती. मेलेल्या मानसाला बोलताबी येत न्हाई.

"बाप्याच हाय," ती म्हनली. "दोनी बाप्येच."

स्नेहलनं वहीत लिहून घेतलं. मी बसलो हुतो तिथंच बसून राहिलो. थू माझ्या जिनगानीवर.

शेवटच्या दिवशी फटफटताना दोनमुंड्या निघाला. वहिनी बायांच्या घोळक्यात पुढंच उभी. देवीनं उजवं मुंडकं मारलं, पार्थ खाली पडला. आता मी थांबायचं हुतं. मी वहिनीकडं बघितलं. तिनं पदराचा बोळा तोंडाशी नेलेला.

मी थांबलो न्हाई. उलट दोनी हातांनी झोडपायला लागलो. ताल न्हाई, काय न्हाई, निस्ता कल्लोळ. मुखवट्याआडनं दीर ओरडत असंल, कुनाला ऐकू आलं न्हाई. आप्पासाहेब हात हालवत धावले, हनुमंता येडा झाला का म्हनून शिव्या घातल्या, कोनीतरी माझं बखोट धरलं. मी वहिनीवरची नजर काढली न्हाई आन् हात थांबवला न्हाई.

तिला कळलं. तिनं बोळा खाली टाकला, मान मागं टाकली आन् तोंड उघडलं. मानंच्या शिरा टरारल्या, सगळा जीव गळ्यात आला. बाजूच्या बायांना वाटलं, बाई जांभई देती का काय. चार महिन्यांचं रडत हुती ती, माझ्यापासनं धा हातांवर, आन् मलासुद्धा त्यातलं काय ऐकू आलं न्हाई.