निकिताच्या बटा

चुडावा गावात राजेश्री आपल्या घरीच नवरीमुलींचे केस कुरळे करून द्यायची. बारा वर्षं झाली, तरी करपलेल्या केसांचा वास तिला अजून सोसत नव्हता.

त्या सकाळी साखरपुड्यासाठी निकिता आली. सोबत सोन्यानं मढलेली आई. राजेश्रीनं मशीनच्या गरम दांडीला पहिली बट गुंडाळली, तशी ती चरचरली आणि तेलकट धूर निघाला. बट सोडवून तिनं केस बाजूला केले, तर कानामागं लिखाच लिखा.

"आधी केस धुवावे लागतील," ती म्हणाली.

"टाइम कुठंय बाई? पाव्हणे यायलेत. वरून वरून मशीन फिरवा. फोटोत थोडंच दिसतंय?" आई म्हणाली.

निकितानं मान खाली घातली. राजेश्रीला उवांपेक्षा त्या बोलण्याचीच जास्त किळस आली. तिनं मशीनचं बटण बंद केलं.

"पाव्हणे थांबतील. लेकीच्या डोक्यात कधी हात घातला न्हाई का तुमी?"

तिनं पोरीला मोरीत बसवलं, दोनदा केस धुतले आणि तासभर फणी फिरवली. दर वेळी अंगावर शहारा यायचा. मग स्पंजच्या रोलरवर बटा गुंडाळून ड्रायरनं वाळवल्या.

"ताई, डोकं लय हलकं झालं," निकिता हळूच म्हणाली. आई मोबाईलमध्ये वेळ बघत होती.

मायलेकी गेल्यावर राजेश्रीनं रोलर आणि फणी उकिरड्यावर फेकली, डोक्यावरून अंघोळ केली. तरी दुपारी घास काही घशाखाली उतरला नाही.