चावी नसलेलं कुलूप

नानासो खोटं बोलला, ते चार पावण्यांसमोर, खंडेनवमीच्या दिवशी, भर दुपारी. आणि बोलताना त्याला पक्कं ठाऊक होतं की आपण खोटं बोलतोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको, बिचाऱ्याची चूक झाली. चूक वेगळी आणि हे वेगळं.

नानासो उंब्रजचा. फौजेतनं हवालदार होऊन परतला, ऊस भावाच्या ताब्यात दिला आणि साठवलेल्या पैशातनं पाचगणीच्या वाटेवर तीन खोल्यांचं टुमदार घर बांधलं. सुट्टीला येणाऱ्यांना एक-दोन दिवस भाड्यानं द्यायचं, हा त्याचा धंदा. स्वतः राहायचा उंब्रजलाच. वरचं घर सांभाळायला होती तानुबाई, कवठे महांकाळकडची, साठी ओलांडलेली. जन्म मेंढरांमागं गेला, मग मेंढरं विकली, नवरा वारला, आणि ही इकडं कामाला आली. तिन्ही खोल्यांच्या चाव्या कमरेच्या पिशवीत घालून दारात उभी राहायची. गाडी थांबली की म्हणायची, "आदी च्या घ्या, मग खोली बघा."

पावणे घरी गेले की मोबाईलवर अभिप्राय लिहायचे. तानूआजींची भाकरी, तानूआजींच्या मेंढरांच्या गोष्टी, तानूआजींनी पोराची दृष्ट काढली. नानासोनं हौसेनं बसवलेल्या गीझरवर एक ओळ नाही. तानुबाईला वाचता येत नव्हतं. तिची नात अंकिता सांगलीला नर्सिंग शिकत होती, ती दर रविवारी फोन करून हे सगळं आजीला वाचून दाखवायची. आजी ऐकायची, लाजायची आणि म्हणायची, "लोकबी कायबी लिवत्यात."

नानासोच्या मात्र पोटात दुखायचं. घर माझं, पैसा माझा, आणि कौतुक हिचं? तोंडानं कधी बोलला नाही. पण साताऱ्याला डिजिटल कुलूप घ्यायला गेला त्याच्या मुळाशी हेच होतं. पावण्यांची सोय वगैरे लोकांना सांगायला.

दुकान जयराजचं. त्यानं तीन तऱ्हा दाखवल्या. एक बोटाच्या ठशावर उघडणारं, एक आकडे दाबायचं आणि त्यातच चावीचंही भोक असलेलं, आणि एक नुसतं आकड्यांचं, मोबाईलवरनं चालणारं, चावीबिवी काही नाही. पावणा आला की घरबसल्या त्याला नवा आकडा पाठवायचा, गेला की आकडा बंद.

"काका, तितं कोण ऱ्हातं?" जयराजनं विचारलं.

"हाय एक म्हातारी."

"मग चावीचं भोक असलेलं घ्या. ठशाचं नगं, पावणं दर दोन दिसांनी बदलणार, परतेकाचा ठसा कुटं घेत बसता. पण नुसतं आकड्याचंबी नगं. सेल संपला तर आजी चावी लावून दार उघडतील."

"चावीच ठेवायची तर कुलूप कशाला बदलू मी?" नानासो म्हणाला, आणि बिनचावीची तीन कुलपं घेऊन आला.

तानुबाईनं पिशवीतल्या चाव्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "बरं झालं नाना, कंबर हलकी झाली," म्हणाली. नानासोला तेव्हा लय बरं वाटलं.

दोन महिने सुरळीत गेले. मग मोबाईलवर सूचना यायला लागल्या, मोठ्या खोलीच्या कुलपाचे सेल बदला. भावाच्या उसाची लागण चालली होती, हा मदतीला. आज जातो, उद्या जातो करत नानासो सूचना बोटानं बाजूला सारत राहिला.

खंडेनवमी आली. तानुबाईनं रिवाजाप्रमाणं राबणारी हत्यारं पुजली. कोयता, पाटा-वरवंटा, शेगडी, आणि तिन्ही कुलपं. "त्येबी राबतंयच की, त्याला सणादिशी तसंच ठिवायचं व्हय?" असं ती शेजारणीला म्हणाली. हळदकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूचं फूल लावलं.

दुपारी पुण्याचे चौघं आले. आकडे दाबले. कुलूप ढिम्म. पुन्हा दाबले. तानुबाईनं त्यांना व्हरांड्यात बसवून चहा दिला, नानासोला फोन लावायला लावला. नानासोनं जयराजला कळवलं आणि स्वतः गाडी दामटत दोन तासांनी वर पोचला. पावणे वैतागले होते. दाराशी गेला तर कुलपावर पिवळं-तांबडं. झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला. "अडाणी ते अडाणीच! कुलपाला कुणी हळद लावतं का? आकलंचं काय दिवाळं काढलंय का?"

तानुबाई मागं फिरली. ओलं फडकं आणायला आत गेली.

तेवढ्यात जयराज आला. त्यानं खिशातनं चौकोनी सेल काढून बाहेरनं वीज द्यायला कुलपाच्या बुडाला टेकवला, आकडे दाबले, दार उघडलं. मग नानासोच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, हळदीचं काय न्हाई. आतले सेल मेलेत. तुमाला मोबाईलवर सूचना आल्या आसतील की."

नानासोनं मोबाईल पाहिला. सात सूचना.

"काय झालं होतं हो?" पावण्यांतल्या बाईंनी विचारलं.

इथं नानासोला एक वाक्य बोलायचं होतं. सेल बदलायचे माझ्याकडनं राहिले, एवढंच. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, पण तेवढं काही त्याच्या जिभेवर येईना. "हळद गेली होती आत," तो म्हणाला. "खेड्यातली बाई. तिला काय कळतंय." फडकं घेऊन आलेली तानुबाई दारात उभी होती. जयराजनं एकदा नानासोकडं बघितलं आणि आपली हत्यारांची पिशवी आवरायला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

एवढ्यावर थांबला असता तरी भागलं असतं. पावण्यांनी शनिवारी लिहिलं, दोन तास बाहेर बसलो, सांभाळणाऱ्या बाई निष्काळजी. त्याखाली नानासोनं उत्तर दिलं, "क्षमस्व. संबंधित महिलेला कामावरून कमी केले आहे." कमी केलं नव्हतं. तसा विचारही नव्हता. आपलं घर बरं दिसावं म्हणून लिहिलं आणि विसरून गेला.

रविवारी अंकितानं ते आजीला वाचून दाखवलं. सोमवारी तानुबाई घर झाडून, भांडी पालथी घालून, शेजारणीला सांगून गावाला निघून गेली.

नानासोला अन्न गोड लागेना. पुढचे पावणे आले, आकडा दाबून आपले आपण आत गेले आणि फोन करून नानासोला विचारलं, "आजी कुठायत?" गावी गेल्यात, असं सांगताना त्याचा आवाज पडला. खाई त्याला खवखवे. तिसऱ्या दिवशी गाडी काढली आणि थेट कवठे महांकाळ गाठलं.

तानुबाई अंगणात तूर निवडत होती. अंकिता सुट्टीला आलेली. नानासो उभ्याउभ्याच म्हणाला, "तानुबाई, कुलूप तुमच्या हळदीनं न्हाई बंद पडलं. सेल मीच बदलले न्हाईत. मी खोटं बोललो."

"मला म्हाईत हाय," तानुबाई म्हणाली. "दार उघडलं तवा हळद तशीच हुती नाना. मी पुसायच्या आदीच उघडलं."

नानासोनं विचारलं, "मग बोलला का न्हाईसा?"

"पावण्यांम्होरं तुमची मान खाली घालू व्हय? म्हटलं, ती गेल्यावर नाना आपणहून सांगत्याल. चार दिस वाट बगितली."

नानासो तिच्या पुढ्यात खाली बसला. "चला परत," म्हणाला. "तुमच्याबिगर घर खायला उठतंय."

"न्हाई नाना. मला काडून टाकलंय, आख्ख्या दुनियेनं वाचलंय त्ये."

त्यानं मोबाईल काढला. जुनं उत्तर पुसलं आणि तिथंच बसून नवं लिहिलं. मग मोबाईल अंकिताकडं दिला. तिनं मोठ्यानं वाचलं, "कुलूप माझ्या हलगर्जीपणानं बंद पडलं. तानुबाईंचा काहीही दोष नव्हता. मी पाहुण्यांशी खोटं बोललो आणि तानुबाईंना काढल्याचंही खोटंच लिहिलं. नानासो, घरमालक."

तानुबाईचा हात तुरीत थांबला होता. नानासो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, ती आता व्हय म्हणेल म्हणून.

"मी काय यायची न्हाई," ती नातीला म्हणाली. "पण त्ये आनी एकदा वाच."

अंकितानं पहिल्यापासनं वाचायला घेतलं, आणि नानासो खाली मान घालून ऐकत बसला.