वारा डावीकडून होता

तमाम नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि आरे कॉलनीतल्या समस्त झाडांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, फोटोंना टॅग कसे देऊ नयेत हे शिकवणारं या भूतलावरचं एकमेव विद्यापीठ मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याचे कुलगुरू माझ्या ताईचे यजमान आहेत.

भावोजींना फिरण्याचं वेड, फोटोंचं त्याहून जास्त. पुढे शोधायला बरं म्हणून लोक फोटोला ‘समुद्र’, ‘बगळा’ असे टॅग देतात. भावोजी म्हणतात, ‘‘बगळा दिसतोय ना? मग लिहायचा कशाला?’’ ते फक्त न दिसणारं लिहितात. आरेतल्या रस्त्याला टॅग ‘शेणाचा वास, पण मायाळू’. भांडुपच्या टेकडीवरच्या धुक्याला ‘वारा डावीकडून, घरी जावंसं वाटेना’. एकदा मला मनोरीच्या किनाऱ्याचा फोटो हवा होता. ‘‘मनोरी टाकून काय मिळणार? त्या दिवशी खाल्लं काय ते आठव.’’ मी म्हटलं, बोंबील. बोंबील टाकताच पडद्यावर एक सोनेरी संध्याकाळ पसरली आणि आम्ही दोघं तिच्यात असे विरघळलो, की समोरच्या चहावर साय धरली.

ताईचं दुखणं मात्र एकच. ‘‘यांनी झाडाचं पान न् पान टिपलं रे, माझा एक फोटो नाही.’’ हसत म्हणायची, पण लागलेलं असायचं.

परवा संगणक गच्च भरला. नवा फोटो मावेना. ताईनं फर्मान काढलं, हललेले फोटो आजच पुसायचे. भावोजींचा चेहरा उतरला. पहिलाच फोटो म्हणजे नुसता हिरवा फराटा.

‘‘ही काय अळूची भाजी आहे? पुसा.’’

‘‘टॅग तरी वाच,’’ भावोजी पुटपुटले.

ताईचा चष्मा आत राहिला होता, म्हणून मी वाचला: ‘ही हसली, हात हलला’. दुसरा, करड्या पाण्याचा: ‘हिनं होडीवाल्याची नक्कल केली’. तिसऱ्यात काहीच कळत नव्हतं: ‘ही मागे गुणगुणत होती, कॅमेरा धरवेना’. पुढचेही तसेच. हललेल्या प्रत्येक फोटोच्या मागे ताई उभी होती.

खिडकीतून दुपार हळूहळू आत आली. भावोजींचं बोट पुसायच्या बटणावर तसंच थांबलेलं. ताईनं आत जाऊन चष्मा आणला, तो पहिला हिरवा फराटा पुन्हा पडद्यावर आणायला लावला आणि एकदम म्हणाली,

‘‘अहो, राहू द्या ते. जागाच हवी असेल तर कपाटातल्या माझ्या चार साड्या काढा.’’