बांधलेल्या होडीत

“अगो, टेबल हलत नाही!” असं म्हणून सर लिंबाची फोड तोंडात धरायचे आणि होडीत उतरायचे. दोन मिनिटांत त्यांना होडी लागायची. धक्क्याला बांधलेली होडी! खाडीकाठी वाढलेला आणि बांधलेल्या होडीत ओकणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी रोज पाहायचे.

मिरजोळ्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही दोघांनी खाडीपलीकडे माणसं नेणाऱ्या एका होडीवाल्याच्या बॅटरीवरच्या होडीसाठी बिनतारी चार्जर केला होता. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना खाल्ल्या, म्हणून ही युक्ती. एक चकती धक्क्यावर, एक होडीच्या कडेला, मध्ये नुसती हवा. टेबलावर झकास चालायचं. पाण्यात होडी डुलली की चकत्यांमधलं अंतर बदलायचं, कंट्रोलर बावचळून वीज कमीजास्त करत सुटायचा, आणि लाल दिवा लागून सगळं बंद.

“लाटेमागे धावतोय तो. त्याला दम धरायला शिकवायला हवं,” सर म्हणायचे. मग कंट्रोलरमधला एक आकडा बदलायचा, लिंबू, होडी, ओकारी, पुन्हा लाल दिवा. मी कावून जायचे.

“सर, टेबलावर मी हाताने हलवते ना चकती!”

“तुझा हात म्हणजे लाट नव्हे.”

अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं, सांगा!

होडीवाल्याने आमच्या भरवशावर डिझेल इंजिन उतरवून ठेवलं होतं. बॅटरी धड भरेना, त्याची माणसं दुसऱ्या होडीत बसायला लागली. एका सकाळी सर नवा आकडा घालून धक्क्यावर आले, तर इंजिन परत बसलेलं आणि आमची चकती पायरीवर काढून ठेवलेली.

“पुरे झाला, सायेब. माझा हंगाम गेला.”

“एकदाच बघू रे,” सर म्हणाले. कुणाची विनवणी करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. होडी निघून गेली. त्या दिवशी सर न ओकता घरी गेले. पावसाळ्यात अॅटॅक आला आणि सर गेले.

परवा कपाट आवरताना चकत्या आणि कंट्रोलरची ती पेटी निघाली. त्यांचा शेवटचा आकडा आत तसाच होता. मी चकती हाताने हलवली, आधी हळू, मग चिडून, दंड भरून येईपर्यंत. हिरवा दिवा ढळला नाही.

तशीच धक्क्यावर धावले. होडीवाला म्हणाला, “नको गो बाय, त्या चकतीचा नावपण काढू नको.”

पेटी परत टेबलावर आली. सर, चाललं असतं का हो? माझा हात म्हणजे लाट नव्हे.