खिडकीतले नत्थूजी

पंचफुलाबाईच्या नंदनवन वस्तीतल्या घरी, स्वयंपाकखोलीच्या खिडकीची एक काच फुटलेली. तिथं तिनं नवऱ्याच्या छातीचा एक्स-रे चिकटपट्टीनं बसवला होता. नत्थूजी गेले त्या वर्षी पाऊस आत यायचा, अन् हाताशी तेवढंच होतं. सकाळचं ऊन आलं की भिंतीवर पुसट बरगड्या उमटत. चहा ठेवताना ती त्यांच्याशी बोले, "साखर कमी हाय आज. गुमान प्या."

यंदा तिलाही खोकला लागला. दोन कोरडे ठसके, मग छातीतून शीळ. पहिल्यांदा ऐकला तेव्हा जितेंद्रच्या हातातला घास तिथंच राहिला. "आई, बाबा खोकलून राहिले असं वाटलं."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सीटी स्कॅन लिहून दिला. तिथली मशीन बंद होती. मग सून काजल तिला घेऊन सेंटरामागून सेंटर फिरली. मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचं कार्ड पाहिलं की काउंटरवरची मान हलायची.

"ह्या कार्डावर भरती असाल तरच होते, मावशी."

"म्हंजे आधी आडवी पडू का मी?"

"आत्याबाई, चला वं," काजल तिचा हात ओढायची. ह्याच सेंटरांच्या पायऱ्या पंचफुला नत्थूजींना धरून उतरली होती. कार्ड घेणारा सापडेस्तोवर ते राहिले नव्हते. आताही मागून कोणी उतरतंय असं वाटून ती वळून पाही.

शेवटी प्रताप नगरातल्या एका दवाखान्यात तळमजल्यावर डॉक्टर सुहासिनी भेटल्या. एक्स-रे, स्कॅन वाचणं हेच त्यांचं काम. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "चालेल. आमचा दवाखाना योजनेत आहे. वर भरती व्हा, तपासणी त्यातच होईल." मग तो खोकला ऐकून थांबल्या. "घरात आणखी कोणाला होता असा?"

"ह्यायले होता जी. त्यायच्या छातीचा फोटू खिडकीले हाय."

"घेऊन या."

काजलनं पट्टी सोलली. भोकातून वारा आत आला, अन् भिंत कोरी झाली. पंचफुलानं त्या दिवशी चहा ठेवलाच नाही.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा उजेडाच्या पेटीवर शेजारी-शेजारी लावल्या. लग्नातल्या फोटोनंतर दोघं असे पहिल्यांदाच जवळ आले होते. दोघांच्या छातीत खाली सारखेच पांढरे चट्टे.

"तुम्ही दोघं कुठल्या कारखान्यात होतात?"

"मी? हिंगण्याच्या कंपनीचं गेटबी नाही पाह्यलं. हे सिमेंटचे पत्रे कापायचे तिथं."

"त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच न," पंचफुला जरा ताठ बसली. "आधी अंगनात झटकायची. पीठगिरणीतून आल्यावानी दिसत ते."

डॉक्टरांनी पेटीचा दिवा बंद केला. मग हळू म्हणाल्या, "त्या पत्र्यांच्या धुळीत ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात, बाई. झटकले की श्वासातून आत जातात, अन् आतच राहतात. बरं होत नाही, पण औषधानं दम सांभाळता येईल."

पंचफुलानं छातीवर हात ठेवला, आत कोणी झोपलं असावं तसा.

दवाखान्यातून सुट्टी होऊन ती घरी आली तर कंपनीची बस जितेंद्रला सोडून नुकतीच गेली होती. तो बापाच्याच जागेवर लागलेला. मोरीवर तो तोंड धूत होता. त्यानं काढून दोरीवर टाकलेला धुळीचा शर्ट काजलनं उचलला, अंगणात नेला, सवयीनं दोन्ही हात वर नेले.

"झटकू नको वं!"

पंचफुलानं तिचं मनगट धरलं. शर्ट दोघींच्या मधे लोंबत राहिला. आधीच थोडा धुराळा उडाला होता. तो कलत्या उन्हात तरंगत होता, अन् दोघींनी श्वास रोखून धरला होता.