फरशी पुसायच्या पाण्याचा वास

फिनाईलने माझ्या हातांची सालपटं निघत. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडत, भाजीत तिखट घालताना आग होई. बचत गटात एकदा साकोलीहून एक ताई आल्या आणि त्यांनी फरशी पुसायचं पाणी घरीच करायला शिकवलं. एक वाटा गूळ, तीन वाटे संत्र्याच्या साली, दहा वाटे पाणी. प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून तीन महिने ठेवायचं. सुरुवातीला रोज झाकण सैल करून हवा सोडायची, नाहीतर कॅन फुगते. याला वास कसा येतो, ते मला विचारायचं होतं. पण इतक्या बायांपुढे तोंड उघडलं नाही. त्यांनी दिलेला कागद घरी येऊन चौथीच्या शिकण्यावर अक्षर लावत लावत वाचला. त्यात वासाचं काही नव्हतं.

विचारायचं कारण घरात होतं. हे सानगडीच्या बाजारात कांदे-बटाटे विकतात. आधी मोहाची दारू पीत. मग कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा घेतली तर लिव्हर वाचणार नाही. तेव्हापासून बंद होती. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, त्या दिवसांत घरोघरी पाहुणे येतात, नाटकं होतात, पुरुष माणसं थोडी घेतातच. तेव्हाही हे घरात बसून शेंगा फोडत राहिले होते.

कॅन मी मोरीजवळ ठेवली. काही दिवसांनी झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आली आणि मी दचकले. मोहफुलं भिजवून दारूसाठी सडवतात, त्याला आमच्याकडे सडवा म्हणतात. अगदी तोच वास.

मोठी जाऊ शेजारीच राहते. ती पदर नाकाला लावूनच आली.

"काय वो, घरातच भट्टी लावली का? रस्त्यापर्यंत वास येऊन राहिला."

"नाही बाई, फरशी पुसायचं पाणी हाय."

"म्हणजे आता फरशीले झिंगवतेस!"

ती हसली. मला हसू आलं नाही. मी यांच्याकडे पाहिलं. ते जेवत होते, मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात यांच्या शेजारी कांदे विकणारा माणूस अंगणात येऊन उभा राहिला. "वहिनी, आमालेबी ग्लासभर भेटन का?"

"घे ना, पी," हे आतून म्हणाले. "पोट साफ होईन फरशीवानी."

दोघंही खूप हसले. यांना इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं म्हणून मला बरं वाटलं.

मग हवा सोडायचं काम यांनीच घेतलं. "तू राहू दे, मी पाहतो," म्हणत. घरातल्या कामाला कधी हात न लावणारा माणूस मोरीजवळ उकिडवा बसून झाकण फिरवी. एकदा मी मोरीत पाणी भरायला गेले तेव्हा दिसलं, झाकण उघडून ते तसेच वाकून बसले होते, डोळे मिटून. मी घागर न भरताच मागे फिरले. कॅन ओतून द्यावी असं तेव्हा मनात आलं होतं. पण ओतली तर का ओतली ते सांगावं लागलं असतं, आणि मी संशय घेते असं यांना वाटलं असतं.

त्या दिवसांत घरभर तोच वास असे. अंथरुणाला, माझ्या लुगड्याला, कणकेलासुद्धा. त्यामुळे यांच्या तोंडाला तो पहिल्यांदा कधी आला, ते मला कळलंच नाही.

उन्हाळा लागला तसं कॅनमधलं पाणी निवळलं. साली खाली बसल्या, हवा येणं थांबलं. झाकण उघडलं तर नाकाला चिंचेसारखं आंबट लागलं. सडव्याचा वास पार गेला होता. मी ते गाळलं, त्याने फरशी पुसली, दारं-खिडक्या उघडून ठेवल्या. संध्याकाळी हे बाजारातून आले, खाटेवर बसले, आणि घरात पुन्हा तोच वास आला.

मी पाण्याचा तांब्या दिला आणि तिथेच उभी राहिले.

"काय पाहून राहिली?"

"वास येते."

"तुह्या कॅनचा असन."

"ते आता आंबट झालं जी," मी म्हटलं.

यांनी तांब्या खाली ठेवला, भिंतीकडे तोंड करून झोपले. आमच्यात यावर एवढंच बोलणं झालं.

बचत गटातल्या बायांना माझं पाणी आवडलं. आणखी करून दे म्हणतात. माझ्या हातांच्या चिरा खरंच भरल्या आहेत. यांना खाटेवरूनच खाली उलटी होते, ती मी त्याच पाण्याने पुसते. डागही राहत नाही.

काल यांना साकोलीच्या दवाखान्यात नेलं. बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. उन्हात यांनी माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा डोळे पुन्हा पिवळे दिसले. त्यांनीच विचारलं, "लय दिसते का?" मी म्हटलं, "दिसते."